‘समजेल अशी सोपी भाषा’ : अपघात विभागातील संवादाची चिकित्सा

१

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या चौथ्या कलमात रुग्णाच्या निर्णयक्षमतेचा विचार केलेला आहे. आणि त्या विचाराच्या ओघात भाषेच्या अभ्यासकाने अवश्य थांबून पाहावे असे एक विधान आलेले आहे. उपचारांविषयीची माहिती रुग्णाला त्याला समजेल अशा सोप्या भाषेत, अथवा खाणाखुणांच्या भाषेत, चित्रांच्या साहाय्याने किंवा अन्य कोणत्याही साधनाने दिली पाहिजे, असा त्या विधानाचा आशय आहे. हे विधान सदिच्छेचे नाही, बंधनकारक आहे; कारण रुग्णाला निर्णयक्षमता आहे की नाही हे ठरविण्याची सारी इमारत त्याच्यावर उभी आहे. माहिती समजते काय, तिचे परिणाम कळतात काय, आणि निर्णय बोलून वा खुणेने कळविता येतो काय, या कसोट्या कायद्याने घातल्या आहेत. तिन्हींचा संबंध भाषेशी आहे. माहितीच दुर्बोध असेल तर ती न समजणे हा रुग्णाच्या बुद्धीचा दोष ठरत नाही, सांगणाऱ्याच्या भाषेचा दोष ठरतो. परंतु व्यवहारात हा दोष कोणाच्या पदरी पडतो, हाच खरा प्रश्न होय.

या विधानाची सर्वांत कठीण परीक्षा जेथे होते ते स्थळ म्हणजे सार्वजनिक रुग्णालयाचा अपघात विभाग. जीव नकोसा झालेली व्यक्ती, भ्रमाच्या भरात घराबाहेर पडलेली व्यक्ती, छळाला कंटाळून स्वतःला इजा करून घेतलेली स्त्री, एकाकी वृद्ध, हे सारे प्रथम तेथे पोचतात. मनोविकारतज्ज्ञाच्या खोलीत नव्हे. तेथे पहिल्या घटकेत जे शब्द उच्चारले जातात, त्यांवर पुढील उपचारांची दिशा पुष्कळ अंशी ठरते. म्हणून त्या शब्दांची चिकित्सा करणे हे भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचे काम नाही.

२

प्रथम कायद्याचीच भाषा पाहू जाता तिच्यात गेल्या शतकभरात मोठे स्थित्यंतर झालेले दिसते. १९१२ च्या कायद्याचे नावच वेडेपणावरून पडलेले होते, आणि त्याच्या व्याख्येत बुद्धिहीन व मनोविकल यांना एकाच शब्दाखाली गोवलेले होते. त्याला अनुसरून मराठीत ‘वेडा’, ‘वेड्यांचे इस्पितळ’ हे शब्द सरकारी कागदांतही निःसंकोचपणे वावरत. १९८७ च्या कायद्याने ‘मानसिकदृष्ट्या आजारी’ ही संज्ञा आणली. ‘मनोरुग्ण’ व ‘मनोरुग्णालय’ हे शब्द मराठीत पक्के झाले, आणि ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील संस्था आज प्रादेशिक मनोरुग्णालये म्हणून ओळखल्या जातात. २०१७ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. त्याने ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ असा शब्दप्रयोग केला. आजार हे व्यक्तीचे नाव राहिले नाही, तिच्या एका अवस्थेचे वर्णन झाले.

हा फरक केवळ शिष्टाचाराचा नाही; तो वाक्यरचनेचा आहे. जुन्या कायद्यात व्यक्ती ही वाक्याचे कर्म होती: तिला धरावे, नेावे, ठेवावे. नव्या कायद्यात तिला हक्क आहेत, ती प्रतिनिधी नेमते, ती आगाऊ निर्देश लिहून ठेवते. म्हणजे ती कर्ता झाली. शंभराव्या कलमानुसार भटकत असलेल्या व आपली काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणाखाली घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्यसंस्थेत न्यावयाचे आहे, कोठडीत ठेवावयाचे नाही. आणि आपल्याला का नेले जात आहे हे त्या व्यक्तीला सांगावयाचे आहे. एकविसाव्या कलमाने मानसिक आजारासाठीची तातडीची सेवा शारीरिक आजाराच्या सेवेच्या तोडीची असली पाहिजे असे बजावले आहे. चौऱ्याण्णवाव्या कलमाने कोणत्याही नोंदणीकृत वैद्याला तातडीचे मानसोपचार करण्याची मुभा दिली. परंतु साधारणतः बहात्तर तासांची मर्यादा घातली, नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याची संमती आवश्यक ठरविली आणि विजेच्या झटक्यांचा उपचार तातडीच्या नावाखाली करण्यास मनाई केली.

आत्महत्येच्या प्रयत्नासंबंधीचे स्थित्यंतर याहूनही लक्षणीय आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार तो शिक्षापात्र गुन्हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मारुती श्रीपती दुबळ यांच्या प्रकरणात ते कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला, आणि १९९६ मध्ये घटनापीठाने तो फिरविला. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिच्यावर खटला भरू नये, आणि तिची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन ही शासनाची कर्तव्ये मानावीत, असे ठरविले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, आणि तीत कलम ३०९ चा समावेश नाही. लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा म्हणून उरला आहे. सारांश, कायद्याने आरोपी पुसून टाकला आणि त्या जागी रुग्ण ठेवला. अपघात विभागाची भाषा मात्र अद्याप या बदलाच्या मागे रेंगाळत आहे.

३

त्या विभागाच्या नावापासूनच आरंभ करता येईल. पाटीवर ‘अपघात विभाग’, ‘आकस्मिक विभाग’, ‘तातडीक सेवा’ असे काही लिहिलेले असते. लोक ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात. ‘अपघात’ या शब्दाने मराठी मनात वाहन, रक्त व मोडलेले हाड उभे राहते. ज्याच्या अंगावर जखम नाही, परंतु जो दोन रात्री झोपलेला नाही आणि ज्याला कोणीतरी आपला पाठलाग करीत आहे असे वाटते, त्याने अपघात विभागात का जावे, हे त्या पाटीवरून कळत नाही. आणि कित्येकदा पाटीच्या आत बसलेल्यांनाही कळत नाही. ‘उद्या सकाळी ओपीडीत दाखवा’ हे उत्तर अशा वेळी निर्दयतेतून निघते असे नव्हे. ‘अपघात’ या शब्दाने तातडीची जी व्याख्या मनात रुजविली आहे, तिच्यातून ते निघते. एकविसावे कलम आणि दारावरची पाटी यांचा असा विरोध आहे.

दुसरा शब्द ‘केस’. रुग्णालयात पाय ठेवताच ‘केसपेपर काढा’ असे सांगितले जाते, आणि थोड्याच वेळात ‘ही पोलीस केस आहे’ असेही ऐकू येते. पहिली केस उपचारांची व दुसरी कोर्टकचेरीची. परंतु भांबावलेल्या नातेवाइकाच्या कानावर एकच शब्द दोनदा आदळतो, आणि दुसरा अर्थ पहिल्याला गिळून टाकतो. वस्तुतः अशा प्रसंगाची पोलिसांना खबर देणे ही नोंदीची बाब आहे. जीव वाचविणे हे पहिले कर्तव्य असून कागदोपत्री सोपस्कार त्याच्या आड येता कामा नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. परंतु ‘पोलीस केस’ या दोन शब्दांत ना नोंद आहे, ना संरक्षण. आहे ती केवळ धास्ती. त्या धास्तीपायी ‘चुकून घेतले’, ‘पाय घसरला’, ‘स्टोव्ह भडकला’ अशी उत्तरे येतात. खोट्या हकिकतीवर उपचार उभारला म्हणजे शरीर कदाचित वाचते. परंतु मनाचा प्रश्न कागदावर उमटतच नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा पाठपुरावाही नाही. कलम ११५ ने शासनावर टाकलेले कर्तव्य येथेच, नोंदवहीच्या पहिल्या ओळीत, निष्प्रभ होते.

४

आता बोलणाऱ्याच्या बाजूने पाहावे. मराठी भाषेत ‘आत्महत्या’ हा शब्द संस्कृत वळणाचा, वर्तमानपत्रांचा व पंचनाम्याचा आहे. त्यातील ‘हत्या’ हे पद खुनाशी नाते सांगते, आणि ‘आत्महत्येचा प्रयत्न’ हा शब्दसमूह ‘खुनाचा प्रयत्न’ याच्या साच्यातून निघाल्यासारखा वाटतो. बोलीत माणसे असे बोलत नाहीत. ती ‘जीव देणे’ म्हणतात. तेथे क्रियापद देण्याचे आहे, मारण्याचे नाही. याहून अधिक प्रचलित म्हणजे ‘जिवाचे बरेवाईट करून घेणे’. या प्रयोगाची खुबी अशी की, त्यात कृतीचे नाव कोठेच येत नाही. ‘बरे’ हा शब्द ‘वाइटा’ला झाकून घेतो. ‘माझ्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर पोरांकडं बघा’ हे वाक्य ज्याला मराठी मातृभाषा म्हणून अवगत आहे त्याच्या काळजाचा ठोका चुकवील. परंतु अखिल भारतीय परीक्षेतून दूरच्या राज्यातून आलेल्या निवासी डॉक्टरला ते घरगुती काळजीचे वाक्य वाटण्याचा संभव आहे. ‘वीट आला’, ‘आता सुटका व्हावी’, ‘कोणाला ओझं नको’ हे प्रयोगही याच जातीचे होत. प्रश्नपत्रिकेत ‘तुमच्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?’ असे छापलेले असते. त्याला ‘नाही’ असे उत्तर देणारी व्यक्ती खोटे बोलत असेलच असे नाही. तो शब्द तिचा नाही, इतकेच.

‘औषध’ या शब्दाची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. शेतकऱ्याच्या बोलीत पिकावर फवारावयाचे कीटकनाशकही ‘औषध’च असते, ‘कपाशीला औषध मारले’ हे नित्याचे वाक्य आहे. ‘यानं औषध घेतलं’ असे धावत आलेल्या भावाने सांगितले की ऐकणाऱ्याने कोणता अर्थ घ्यावा? ग्रामीण भागात मुरलेली परिचारिका क्षणात उमगते. शहरातून नव्याने आलेला डॉक्टर ‘कोणत्या डॉक्टरांनी दिलं?’ असा प्रश्न करू शकतो. एका शब्दाच्या अनेकार्थतेमुळे येथे मिनिटे खर्ची पडतात, आणि ही मिनिटे परत मिळत नाहीत.

बोलीभेदाचा विचार यात मिळविला म्हणजे चित्र पूर्ण होते. धुळ्याकडे अहिराणी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, मुंबईत भोजपुरीपासून तमिळपर्यंत अनेक भाषा. ‘त्याला समजेल अशी भाषा’ या शब्दांत कायद्याने या साऱ्यांचा समावेश केला आहे. दुभाषी मात्र कोठे नेमल्याचे दिसत नाही. ते काम बहुधा ज्यांना सारे रुग्णालय ‘मावशी’ आणि ‘मामा’ म्हणते त्या कर्मचाऱ्यांकडे येते. ही नात्याची संबोधने निरर्थक नाहीत. भेदरलेल्या माणसाला त्यांच्यात आधार वाटतो. परंतु मावशींच्या या कामाला ना प्रशिक्षण आहे, ना मान, ना गोपनीयतेचे बंधन. भाषांतराचे सर्वांत नाजूक काम सर्वांत कमी वेतनाच्या व्यक्तीवर, तेही अनधिकृतपणे, सोपविलेले आहे, ही गोष्ट चिंत्य आहे.

५

संबोधनाचा प्रश्न यालाच लागून येतो. मराठीत मध्यम पुरुषाचे ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ असे थर आहेत, आणि कोणता थर निवडला यावरून समोरच्याची किंमत ठरते. पन्नाशीच्या रुग्णालाही संकटाच्या वेळी ‘नाव काय तुझं?’, ‘का केलंस असं?’ असे विचारले जाते. ‘का केलंस?’ या प्रश्नात व्याकरणदृष्ट्या कारणाची पृच्छा आहे. व्यवहारदृष्ट्या तो दोषारोप आहे. त्याला मराठीत खरे उत्तर नसते; मान खाली घालणे हेच उत्तर असते. ‘काय झालं होतं?’ या प्रश्नात तीच माहिती मागितली जाते, परंतु कर्तृत्वाचा आरोप होत नाही. प्रश्न एका क्रियापदाचा आहे; परिणाम मात्र संवाद सुरू होतो की संपतो हा आहे.

‘तू’हून वाईट असते ते तृतीय पुरुषाचे सर्वनाम. ‘याला किती दिवसांपासून आहे?’, ‘ही जेवते का?’ असे प्रश्न रुग्णाच्या डोक्यावरून नातेवाइकांना विचारले जातात, आणि शुद्धीवर असलेली, सज्ञान व्यक्ती स्वतःविषयीच्या संभाषणातून बाहेर फेकली जाते. कायद्याने व्यक्तीला कर्ता केले. सर्वनामाने तिला पुन्हा कर्म केले. शिवाय ‘नातेवाईक’ आणि कायद्यातील ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ हे समानार्थी शब्द नव्हेत. चौदाव्या कलमानुसार सज्ञान व्यक्ती आपला प्रतिनिधी स्वतः निवडू शकते. तो नातेवाईक असलाच पाहिजे असे नाही. जिला सासरच्या माणसांनी आणले आहे आणि जिच्या दुःखाचे मूळ सासरीच आहे, अशा स्त्रीच्या बाबतीत ‘नातेवाइकांना बोलवा’ या आज्ञेने काय होते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

६

यानंतर येतो तो संमतिपत्राचा कागद. त्याची प्रचलित धाटणी सर्वांच्या परिचयाची आहे. ‘सदर उपचारांचे स्वरूप, संभाव्य गुंतागुंत व पर्यायी उपचारपद्धती यांबाबत मला माझ्या भाषेत अवगत करण्यात आले असून त्यास माझी कोणत्याही दबावाविना संमती आहे’, अशा घडणीचे हे वाक्य असते. माझ्या भाषेत सांगितले, असे ज्या भाषेत लिहिले आहे, ती भाषा सही करणाऱ्या कोणाचीच नाही, हा त्यातील विरोध कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘करण्यात आले’ या कर्मणी रचनेतून सांगणारा अदृश्य होतो. कोणी, केव्हा, किती वेळ सांगितले हे विचारण्याची सोयच राहत नाही. त्याऐवजी ‘डॉक्टरांनी मला सांगितले की, आज रात्री मला येथे ठेवतील. झोपेचे इंजेक्शन देतील. मला नको असेल तर मी नको म्हणू शकतो’, अशी तीन सरळ वाक्ये लिहिली तर कायद्याचे काहीही सांडत नाही, आणि माणसाच्या हाती बरेच काही लागते.

‘समजले का?’ या प्रश्नाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. मराठी ‘हो’ हा आकलनाचा पुरावा नव्हे. वडीलधाऱ्यापुढे, साहेबापुढे, डॉक्टरपुढे उच्चारलेला ‘हो’ हा बहुधा आदराचा, भीतीचा किंवा संभाषण लवकर संपावे या इच्छेचा उद्गार असतो. म्हणून ‘समजले का?’ असे न विचारता, ‘आता घरी बहिणीला फोन केला तर तिला काय सांगाल?’ असे विचारावे. रुग्णाने स्वतःच्या शब्दांत जे सांगितले तेवढेच त्याला समजले. कायद्याच्या चौथ्या कलमातील उणीव येथे आढळते: भाषा सोपी असावी असे त्याने सांगितले, परंतु सोपेपणा कोणी ठरवावा हे सांगितले नाही. सांगणारा आपल्यापुरता सोपेपणा मोजतो, आणि आपले माप नेहमीच अचूक मानतो. सोपेपणा हा वाक्याचा गुण नसून दोन माणसांमधील व्यवहाराचा गुण आहे. आणि त्याची साक्ष ऐकणाऱ्यानेच द्यावयाची असते.

७

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला वेळेचा. एका रात्रीत एका डॉक्टरसमोर रुग्णांची रांग असताना सर्वनामांचा विचार कोणी करावा? आक्षेप वजनदार आहे. परंतु ‘तू’ म्हणण्यापेक्षा ‘तुम्ही’ म्हणण्यास अधिक वेळ लागत नाही, आणि खोटी हकिकत मिळाल्याने जो वेळ जातो तो खऱ्या हकिकतीने वाचतो. दुसरा आक्षेप अचूकतेचा: सोप्या भाषेत शास्त्रीय अर्थ ढळतो असे म्हणतात. अर्थ ढळतो हे खरे, पण तो ‘औषध’सारख्या न तपासलेल्या शब्दांनीही ढळतो, उलट तपासून वापरलेला साधा शब्द पारिभाषिक शब्दाइतकाच नेमका असू शकतो. तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. शब्द बदलल्याने खाटा वाढत नाहीत, मनोविकारतज्ज्ञ निर्माण होत नाहीत. हे पूर्णतः मान्य केले पाहिजे. बहात्तर तासांनंतर रुग्णाने कोठे जावे याचे उत्तर शब्दकोशात नाही. तथापि जेथे साधने अपुरी आहेत तेथे, जे आहे ते योग्य माणसापर्यंत पोचविण्याचे काम भाषेलाच करावे लागते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. परंतु घरी सोडताना हाती दिलेला कागद जर इंग्रजीत असेल आणि त्यावर तो क्रमांक नसेल, तर सेवा असून नसल्यासारखी होते.

८

हे सारे अशक्य कोटीतले नाही, याचा दाखला मुंबईतच आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महानगरपालिका व ‘सेहत’ ही संस्था यांनी इसवी सन २००० च्या सुमारास हिंसापीडित स्त्रियांसाठी रुग्णालयातच एक केंद्र उभारले. रुग्णालयाच्याच कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन, अपघात विभागात आलेल्या स्त्रीच्या जखमेमागची हकिकत ओळखावी आणि तिला एकांतात बोलू द्यावे, ही त्यामागची दृष्टी होती. त्या केंद्राचे नाव ‘दिलासा’. पुढे तसेच केंद्र इतर रुग्णालयांतही निघाले. नामकरणाच्या दृष्टीने हा प्रसंग अभ्यसनीय आहे. ‘समुपदेशन कक्ष’, ‘पीडित साहाय्य विभाग’ अशी नावे सहज देता आली असती. ती वाचून येणारीला आपण कोण आहोत हे कळले असते, आपल्याला काय मिळणार हे कळले नसते. ‘दिलासा’ हा शब्द मराठी व हिंदी दोन्ही भाषकांचा, चाळीतला आणि झोपडीतला. तो येणाऱ्या व्यक्तीला नाव ठेवीत नाही. तिला काय द्यावयाचे आहे ते सांगतो. ‘त्याला समजेल अशी सोपी भाषा’ या कायद्याच्या अटीचे पालन, कायदा होण्याच्या सतरा वर्षे आधी, एका पाटीने केले होते.

यावरून विद्यापीठांच्या भाषाविभागांवर येणारी जबाबदारीही उघड होते. परिभाषेचे कोश आजवर बहुतांशी इंग्रजीतून मराठीकडे, म्हणजे तज्ज्ञाकडून लोकांकडे, रचले गेले. ‘स्वातंत्र्य’, ‘क्षमता’, ‘प्रतिनिधी’ यांना प्रतिशब्द मिळाले. ‘जिवाचे बरेवाईट’ याचा अर्थ डॉक्टरला सांगणारा कोश मात्र नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतील अपघात विभागांत दुःख कोणत्या शब्दांनी बोलते याची पद्धतशीर नोंद करणे, ती नव्या निवासी डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या हाती पहिल्या दिवशी देणे, आणि संमतिपत्रांचे मराठी प्रत्यक्ष रुग्णांकडून तपासून घेणे, ही कामे मनुष्यबळाच्या व पैशाच्या मानाने लहान आहेत. कायद्याने आपले वाक्य लिहून ठेवले आहे. ते कोणत्या भाषेत खरे होणार, हे ठरविण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांकडे आले आहे. आणि ते टाळण्यास सबब उरलेली नाही.